न दिसणारा जांभळा

गाडी शेडसमोर येऊन उभी राहिली तेव्हा सगळं वर्कशॉप हातातलं काम टाकून बाहेर आलं.

"जो जो, लीलीनी जांबली थई गई!" मालक जयंतीभाई गाडीच्या नाकासमोरून दाराकडे चालत ओरडले. मग ते मागे आले, परत पुढे गेले, आणि प्रत्येक फेरीला तितकेच ओरडले. समोरून बघावं तर गाडी हिरवीगार आणि चार पावलं बाजूला सरकून तिरकं बघावं तर जांभळी. डेंटिंगवाले, पॉलिशवाले, समोरच्या लेथवरचे दोघे, सगळे गाडीभोवती फिरत होते आणि हसत होते.

संपतराव शिर्केही फिरले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्यांना हिरवी गाडी दिसली, आणि तिरकं बघितल्यावर हिरवी गाडी काळपट झालेली दिसली, चहाच्या चोथ्यासारखी. जांभळा कुठे होता कोण जाणे.

"काय संपतकाका, जांभळा आहे ना?" जयंतीभाईंनी विचारलं. चाळीस वर्षं मराठी माणसांत वावरून त्यांची मराठी बरी झाली होती.

"आहे की. चांगला आहे," संपतराव म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसायला लागले.

संपतराव एकसष्ट वर्षांचे. बडोद्यातल्या गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या शेडमध्ये चौतीस वर्षं गाड्या रंगवत आलेले. आजोबा सरकारी दप्तरात, वडील शाळेत मास्तर. तेव्हा हा मुलगा हात रंगवून घरी यायला लागला त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखं झालं होतं. पण संपतरावांच्या डोळ्याला देणगी होती. गाडी दहा वर्षं उन्हात विटलेली असो, ते तिच्याकडे दोन मिनिटं बघत आणि सांगत: "काळा दोन थेंब, पिवळा जरासा, आणि लाल फक्त दाखवायचा." रंग जुळे. इतका जुळे की ठोकलेलं दार कुठलं ते गाडीच्या मालकालाच सापडत नसे. त्यातून शेडमध्ये एक पद्धत पडली. गाडी तयार झाली की उन्हात काढायची, संपतरावांनी तिच्याभोवती एक फेरी मारायची, बॉनेटवर दोन बोटं आपटायची आणि म्हणायचं, "पास." तोवर गाडीची किल्ली कोणी कोणाला देत नसे, जयंतीभाईसुद्धा नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. रंगाचा नमुना ज्यावर मारतात ती पत्र्याची पट्टी उन्हातच बघायची. ट्यूबखाली बघितलेला रंग हा रंगच नव्हे, असं ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी बजावत.

पण गेलं वर्षभर संपतराव बेचैन होते. काहीतरी बिघडलं होतं आणि ते काय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, म्हणूनच ते बाकी सगळ्यावर खापर फोडत होते. आधी म्हणाले, शेडमधल्या ट्यूब जुन्या झाल्या, जयंतीभाईंनी बदलल्या. मग म्हणाले, हल्ली डब्यातूनच रंग पिवळा येतो. मग हवेला नावं ठेवली, धुळीला ठेवली, चष्म्याच्या काचेला ठेवली. बायको मंदाताई तीनदा म्हणाल्या, "अहो, डोळे दाखवून या एकदा." तिन्ही वेळा ते खेकसले. डॉक्टर काय म्हणेल याची त्यांना भीती नव्हती. डॉक्टर ते मोठ्याने म्हणेल, याची होती. रंगाऱ्याचा डोळा गेला की मागे राहतं काय? थिनरचा वास मारणारा एक म्हातारा.

गाडी उन्मेष नावाच्या तरुणाची होती. त्याने स्वतःच्याच फाटकाला डावं मागचं दार घासलं होतं. "रविवारी सकाळी अहमदाबादला अशा गाड्यांचा मेळावा आहे, काका. ज्याने रंग दिला तो महिनाभर मोकळा नाही. तो म्हणाला, बडोद्यात संपतकाका असतील तर त्यांच्याकडे ने, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस." त्याने रंगाचा डबाही आणला होता, त्याच माणसाकडून.

आज मंगळवार. नाही म्हणायची ही वेळ होती, आणि संपतराव म्हणाले, "शनिवारी घेऊन जा."

---

रंग मिसळायच्या खोलीत रसिका होती. सहा वर्षांपूर्वी केमिस्ट्रीचा डिप्लोमा करून इथे आली तेव्हा तिला रंग फवारायची गन नीट धरता येत नव्हती; आता खोली तिचीच होती. संपतरावांनी तिला हात धरून शिकवलं होतं, आणि रागवायचं झालं तर अजूनही तिच्यावरच रागवत.

तिने डबा उघडला. आत राखाडी, किंचित चमकणारं पाणी. संपतराव वाकून बघत राहिले.

"यात हिरवा कुठे आहे?"

"नाहीच आहे, काका. हिरवाही नाही आणि जांभळाही नाही." रसिकाने काडीने थेंब उचलला. "यात नुसते पापुद्रे आहेत, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. पेट्रोल पंपावर ओल्या जमिनीवर तेल सांडतं, त्यावर रंग दिसतात ना? तेलात कुठे रंग असतो? तसंच आहे हे. उजेड पापुद्र्यावर पडला की थोडा वरूनच परततो, थोडा आत शिरून तळावरून परततो. परतताना दोन्ही भेटतात. एखादा रंग असा असतो की दोघं मिळून त्याला उचलून धरतात, बाकीचे रंग एकमेकांना मारून टाकतात. समोरून बघितलं की हिरवा उचलला जातो. तिरकं बघितलं की दोन वाटांमधला फरक कमी होतो, मग हिरवा पडतो आणि जांभळा वर येतो."

"म्हणजे गाडीवर रंग नाहीच?"

"गाडीवर खाली काळा कोट आहे, बाकी पापुद्रे. रंग कुठला ते बघणारा कुठे उभा आहे त्यावर."

संपतरावांना हे ऐकून आधी बरं वाटलं. रंग डब्यात नाहीच, तर तो आपल्याला दिसला नाही म्हणून बिघडलं कुठे? हे हाताचं काम आहे. काळ्यावर पापुद्रे आडवे, सपाट बसले पाहिजेत. कोट जड पडला तर ते उभे राहतील, कसेही तोंड करतील, आणि जांभळा मरेल. गनचं अंतर, हवेचा दाब, हाताचा वेग. हात तर अजून शाबूत होता. मग लगेच दुसरा विचार आला, आणि बरं वाटणं गेलं: हात बरोबर चालला की नाही, हे शेवटी सांगायचं कोणी?

बुधवारी त्यांनी चार पट्ट्यांना काळा मारून वर पापुद्र्यांचे कोट दिले. एकीला तीन, दुसरीला चार, तिसरीला पाच, चौथीला सहा. मागे खिळ्याने आकडे कोरले. जुळवून बघायला गाडीच्या पेट्रोल टाकीचं झाकण काढून आणलं. अख्खी गाडी हलवण्यापेक्षा रंगारी हेच करतात. आता फक्त उन्हात जाऊन चारही पट्ट्या झाकणाशेजारी धरायच्या आणि तिरक्या करून बघायच्या. पाच मिनिटांचं काम.

रसिका दारात उभी होती. "चला, काका?"

"जेवण होऊ दे."

जेवण झालं. "चला?"

"ऊन फार चढलंय. चार वाजता बघू."

चार वाजता ते कॉम्प्रेसरचा पट्टा तपासत होते, ज्याला काहीच झालं नव्हतं. मग एका गाडीच्या काचांवरचं कागदांचं मास्किंग पुन्हा केलं, जे आधीच नीट होतं. दोनदा चहा प्यायला गेले आणि दोन्ही वेळा अर्धा कप टाकून आले. साडेपाचला चार पट्ट्या आणि झाकण जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकून घरी निघाले. रसिकाने बघितलं.

---

संपतराव पाणीगेटला राहायचे, एका चारमजली इमारतीत. येणंजाणं स्कूटरवर. स्कूटर जुनी, पण गेल्या दिवाळीत त्यांनी ती रविवारभर बसून घरीच रंगवली होती. दुधासारखी पांढरी. बाजारात मिळतो तो पांढरा त्यांना पिवळट वाटायचा, म्हणून स्वतः मिसळून, जरा निळा घालून, लाल फक्त दाखवून, मनासारखा उजळ केला होता. शेजाऱ्यांना एकेकाला बोलावून दाखवली होती. वर्षभरात त्यांनी एकट्याने, कोणाची मदत न घेता केलेलं हे एकच काम, आणि त्यावर ते जाम खूश होते.

त्या दिवशी फाटकात एक पार्सलवाला उभा होता. स्कूटर लावणाऱ्या संपतरावांना त्याने घर विचारलं, "काका, जांबली स्कूटरवाळा भाईनुं घर कयुं?"

"अहीं कोई जांबली स्कूटर नथी," संपतराव तोडून म्हणाले.

माणसाने त्यांच्याकडे बघितलं, स्कूटरकडे बघितलं, परत त्यांच्याकडे बघितलं. "पण बाजूवाळा बेने कह्युं..."

"नथी एटले नथी. आगळ जुओ." दिवसभर जांभळा, जांभळा ऐकून त्यांचं डोकं उठलं होतं. पार्सलवाला खांदे उडवून निघून गेला.

वर मंदाताई मेथी निवडत बसल्या होत्या. संपतराव घरात तीन वेळा आतबाहेर फिरले. पंखा लावला, बंद केला. पाण्याचा पेला भरला आणि तसाच ठेवला. शेवटी पिशवीतून चार पट्ट्या काढून ओट्यावर मांडल्या, शेजारी झाकण ठेवलं.

"जरा इकडे ये गं. हे तिरकं धरून बघ, आणि यातली कुठली पट्टी या झाकणाशी जुळते सांग."

मंदाताईंनी हात पुसले. ओट्यावरच्या ट्यूबखाली एकेक पट्टी धरली, मान वाकडी केली. मग तिसरी पुढे सरकवली. "ही वाटतेय. तुम्हाला?"

"मलाही तीच."

"मग मला कशाला विचारता?"

"तुझी परीक्षा घेतली," संपतराव हसून म्हणाले, आणि हसू काही जमलं नाही. मंदाताई त्यांच्याकडे नको तितका वेळ बघत राहिल्या आणि परत मेथीकडे वळल्या.

"माझं पार्सल आलं नाही अजून. आज यायचं होतं," त्या मेथीला सांगितल्यासारखं म्हणाल्या.

संपतरावांनी मागचा आकडा बघितला. पाच कोट. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण रात्रभर त्यांना तीच टोचणी राहिली: चौतीस वर्षं जगाला शिकवलेला नियम आज आपण आपल्या स्वयंपाकघरात मोडला. उन्हात विचारायचं तर कोणीतरी बघितलं असतं.

---

"पाच," गुरुवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं.

"उन्हात बघितलीत?" रसिकाने विचारलं.

"मग काय अंधारात?"

दार त्यांनी स्वतः रंगवलं. गन हातात आल्यावर जरा जिवात जीव आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ, अर्धी रेघ अर्ध्या रेघेवर, मनगट न वळवता. एक, दोन, तीन, चार, पाच. वर काचेसारखा क्लिअर कोट. शुक्रवारी दार वाळलं आणि बसलं. शनिवारी दुपारी पॉलिश होऊन गाडी उन्हात निघाली.

शेड पुन्हा बाहेर आली. संपतरावांनी फेरी मारली. समोर हिरवी. बाजूने काळपट, दारही काळपट, शेजारचा पत्राही काळपट. जोड कुठे दिसत नव्हता. त्यांनी मुद्दाम दारापाशी थांबून, डोकं खाली-वर करून बघितलं. ठीक होतं. ते बॉनेटपाशी आले आणि दोन बोटं आपटली.

"पास."

एरवी पास म्हटल्यावर कोणीतरी टाळी वाजवायचं, चहा मागवायचं. आज कोणी हललं नाही. पॉलिशवाला फडक्याकडे बघत होता. जयंतीभाई खाकरले. "सरस, सरस," ते म्हणाले, पण बघत होते रसिकाकडे. "उन्मेषभाईंना उद्या सकाळी सहाला या म्हणून सांगतो. तुम्ही लवकर घरी जा, काका. दमलात."

संपतराव निघाले खरे, पण स्कूटर चालवताना त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ती शांतता कानात घोळत होती. फतेगंजपर्यंत आल्यावर जेवणाचा डबा विसरल्याचं लक्षात आलं. डबा सोमवारीही मिळाला असता. त्यांनी स्कूटर वळवली.

शेडमध्ये उन्मेषची गाडी परत आत घेतलेली होती. तिच्याभोवती कागद चिकटवले होते, फक्त डावं मागचं दार उघडं. आणि त्या दारासमोर बसून, बाह्या दुमडून, रसिका ओल्या पॉलिश पेपरने संपतरावांचा रंग घासून काढत होती.

तिने मागे वळून बघितलं आणि हात थांबवला.

"काय चाललंय?" संपतरावांना स्वतःचा आवाज परका वाटला.

"दार जांभळं होत नव्हतं, काका." ती उठून उभी राहिली. "उन्हात तिरकं बघितलं की गाडी जांभळी आणि दार मातकट निळं. पाचवा कोट जड पडलाय, पापुद्रे उभे राहिलेत. ट्यूबखाली कळलं नसतं. उन्हात लांबूनही कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

दुपारी पॉलिशवाला फडक्याकडे बघत होता तशी रसिका हातातल्या पेपरकडे बघायला लागली.

आणि त्यावरून संपतरावांना सगळं कळलं. ते जवळच्या उलट्या डब्यावर बसले. "ही पहिली गाडी नाही."

"नाही."

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून. निळे, जांभळे, पांढरे. बाकीचे तुमचे अजून बरोबर असतात."

"किती गाड्या?"

"मोजल्या नाहीत."

"खोटं बोलू नकोस."

"एकोणतीस," रसिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही घरी गेलात की करायची मी. जयंतीभाईंना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे."

संपतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणतीस वेळा त्यांनी ऐटीत बोटं आपटली होती, आणि एकोणतीस वेळा सगळ्यांनी खोट्या टाळ्या वाजवल्या होत्या. लहान मुलाला खेळात मुद्दाम जिंकू देतात तसं. "मला वेड्यात काढलंत! एक माणूस नाही निघाला तोंडावर सांगणारा? हे शिकवलं मी तुला?"

"तुम्ही पास म्हटल्यावर बोलायचं नसतं, हेच शिकवलंत!" रसिकाचाही आवाज चढला. "चौतीस वर्षांत कोणी बोललंय का इथे? मी काय करणार होते? तुम्ही पास म्हणालेली गाडी चुकीची बाहेर जाऊ द्यायची? लोक तुम्हाला नावं ठेवतील ते मला चाललं असतं?"

संपतराव उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना. बाहेर ऊन कलत होतं. अजून तासभर उजेड होता. शेवटी ते गाडीपाशी येऊन थांबले.

"मला जांभळा दिसत नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी मनातसुद्धा कधी पुरं केलं नव्हतं. "मंगळवारीही दिसला नाही. मी थाप मारली."

"माहीत आहे, काका."

"हात चालतो अजून."

"तुमच्या हातासारखा हात नाही."

"मग घास लवकर. काळा मार. ऊन जायच्या आत पट्टी करू. मी मारतो, तू बाहेर नेऊन बघ. आणि जे दिसेल ते सांग. माझं तोंड बघून सांगू नकोस."

त्या तासाभरात संपतराव आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्याने रंगवत होते. ते पट्टीवर कोट देत, रसिका ती घेऊन उन्हात धावे, आणि बाहेरूनच ओरडे: "अजून मेलेला आहे! हलका मारा!" "जरा लांबून!" "आता येतोय!" पाच जड कोटांऐवजी सहा अगदी हलके, वाऱ्यावर सोडल्यासारखे कोट निघाले. शेवटची पट्टी घेऊन ती गेली, आणि उन्हात ती डावीउजवीकडे तिरकी करत राहिली.

"काय गं?"

"काका," ती म्हणाली, "जांभळा झाला."

त्याच मापाने त्यांनी दार रंगवलं आणि रात्रभर दिव्यांच्या उष्णतेत वाळवलं. रविवारी सकाळी उन्मेष गाडी घेऊन गेला. तिला पास कोणी म्हटलं नाही. संपतराव तिथे होते, पण बॉनेटजवळ गेले नाहीत.

---

सोमवारी त्यांनी डोळे दाखवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की ते निळा आणि जांभळा उजेड अडवून धरतं. हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. इतके दिवस कसं भागवलंत?" संपतराव म्हणाले, "लोकांनी भागवलं."

आधी उजवा डोळा करायचा, डावा पुढच्या महिन्यात. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच निघाली, आणि संपतरावांना वाटलं कोणी खोलीत नवीन ट्यूब लावली. भिंत पांढरी होती. पांढरी म्हणजे, असा पांढरा त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं. तीच भिंत जुन्या कागदासारखी पिवळी. पुन्हा उघडला; पांढरी. शेजारी मंदाताई बसल्या होत्या. त्यांचं लुगडं करडं असेल असं ते धरून चालले होते. ते निळं होतं, मोरपिशी काठाचं.

"असं काय बघताय?" मंदाताई म्हणाल्या.

"हे कधी घेतलंस?"

"मागच्या गौरीला. तुम्हीच लहरीपुऱ्याच्या बाजारात बरोबर होतात."

रिक्षाने घरी आले. काळा चष्मा लावायचा होता, पण इमारतीच्या फाटकात संपतरावांनी तो कपाळावर सरकवला, कारण आत त्यांच्या स्कूटरच्या जागी दुसरीच कोणाची तरी स्कूटर उभी होती. जांभळी. फिकट, पण चांगली घसघशीत जांभळी, लग्नाच्या मंडपाला पडदे असतात तशी.

नंबर त्यांचाच होता.

त्यांनी उजवा डोळा झाकला. दुधासारखी पांढरी. उघडला. जांभळी. पुन्हा झाकला, पुन्हा उघडला. उन्मेषच्या गाडीला त्यासाठी चार पावलं चालावं लागत होतं. इथे ते एका जागी उभे राहून स्कूटरचा रंग बदलत होते. वर्षभर. वर्षभर ते या जांभळ्या स्कूटरवर बसून पाणीगेटपासून गोरव्यापर्यंत, सिग्नलला ताठ मानेने थांबत, अख्ख्या बडोद्यातून हिंडले होते. आणि वर्षभर गोरव्याच्या सगळ्या शेडने ती रोज दारात लावलेली बघितली होती.

"पार्सलवाला बरोबर होता," ते म्हणाले.

मंदाताईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुला दिसत होतं."

"दिसत होतं."

"आणि तू मागे बसत होतीस."

"तुम्ही इतके खूश होतात," मंदाताई म्हणाल्या. "सगळ्यांना बोलावून दाखवत होतात, दूध आहे म्हणून. कोणाला धीर होणार सांगायला? मीच बिल्डिंगमध्ये फिरून सांगितलं सगळ्यांना, काही बोलू नका त्यांना म्हणून. पोरांनासुद्धा." त्या जरा थांबल्या. "डोळे दाखवा म्हणाले होते मी. तीनदा."

संपतरावांना हसावं की रडावं कळेना. रडायची तर डॉक्टरांनी मनाईच केली होती.

---

आठ दिवस घरी बसणं म्हणजे त्यांना शिक्षा झाली. ते खिडकीतून खाली बघत, डोळा झाकत, उघडत. थेंब घालायची वेळ झाली की त्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून घड्याळ बघत. शेजाऱ्याने स्कूटरची वाखाणणी केली तर त्याच्यावर गुरगुरत, आणि नाही केली तरी गुरगुरत. मंदाताई म्हणाल्या, "पुन्हा पांढरी करा, संपलं." ते म्हणाले, "आधी एक काम आहे."

नवव्या दिवशी, डॉक्टरीणबाईंनी परवानगी देताच, ते काळा चष्मा लावून भर उन्हाचे गोरव्याला गेले. स्कूटर शेडसमोर मधोमध, उन्हात उभी केली. जयंतीभाई बाहेर आले, "केम छो काका, आंख केवी छे?" म्हणेपर्यंत संपतरावांनी हाक मारली, "रसिका!"

ती हात पुसत आली. मागून बाकीचेही आले.

"आजपासून पास तू करायचं," संपतराव म्हणाले. "डावा डोळा झाला तरी तूच. पण आधी ही बघ. पद्धतशीर. एक फेरी मारायची आणि सांगायचं."

रसिकाने जयंतीभाईंकडे बघितलं.

"तिकडे नको बघूस. स्कूटरकडे बघ."

रसिका निघाली. पुढून, डावीकडून, मागून. ती एक फेरी संपतरावांना चौतीस वर्षांइतकी लांब वाटली. त्यांचे हात पाठीशी एकमेकांना घट्ट धरून होते. फेरी पुरी करून ती हँडलपाशी थांबली. दोन बोटं उचलली. मग हात खाली घेतला.

"फेल, काका," ती म्हणाली.

"का?"

"निळा जास्त झालाय."

"किती?"

"थेंब नाही. वाटीभर." तिची नजर त्यांच्यावरून हलली नाही. "पांढरी नाही ही. कधीच नव्हती. जांभळी आहे."

संपतरावांनी चष्मा काढला. डोळ्यातून पाणी येत होतं, येऊ द्यायचं नव्हतं तरी. त्यांनी खिशातून थेंबांची बाटली काढून तिच्या हातात दिली.

"घाल," ते मान वर करून म्हणाले. "आणि घासायला पेपर काढ. आज हीच करायची."